मोटारसायकलींचे अँटी-लॉक ब्रेक : लाभ आणि मर्यादा

मुंबईवरील लोकसंख्येचा भार हलका व्हावा या हेतूने १७ मार्च १९७० रोजी सिडको महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे खाडीच्या पूर्व किनाऱ्यावर एका नव्या शहराच्या उभारणीस प्रारंभ झाला. १९७३ मध्ये वाशीचा पहिला खाडीपूल वाहतुकीस खुला झाला. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि ९ मे १९९२ पासून उपनगरी रेल्वे वाशीपर्यंत धावू लागली. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने, तुर्भे येथील घाऊक बाजारपेठ, बंदर आणि शिक्षणसंस्था यांच्या अनुषंगाने येथील दैनंदिन वाहतूक वाढत गेली. या वाहतुकीत दुचाकी वाहनाचे स्थान फार मोठे आहे. कारखान्याच्या पाळीवर जाणारा कामगार, रेल्वे स्थानक गाठणारा नोकरदार, घरोघरी माल पोहोचविणारा तरुण आणि पनवेल-उरणच्या गावांतून शहरात येणारा भाजीविक्रेता या सर्वांचा भरवसा मोटारसायकलीवर अथवा स्कूटरवर असतो.

१२ जानेवारी २०२४ रोजी खुल्या झालेल्या अटल सेतूवर दुचाकींना प्रवेश नाही. त्यामुळे मुंबईकडे जाणारा दुचाकीस्वार पूर्वीप्रमाणेच वाशीच्या अथवा ऐरोलीच्या पुलाचा मार्ग धरतो. शीव-पनवेल महामार्गावर आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर त्याला कंटेनरवाहू ट्रेलर, बसगाड्या व डंपर यांच्या सोबतीने वाट काढावी लागते, आणि वर्षातील चार महिने ही वाट ओलीच असते. अशा रस्त्यावर अकस्मात ब्रेक दाबण्याची वेळ आली, तर वाहन सरळ उभे राहते की घसरते, यावर पुष्कळदा जीवन-मरणाचा निर्णय अवलंबून असतो.

हा प्रश्न केवळ एका शहराचा नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ७४,८९७ म्हणजे सुमारे ४४.५ टक्के व्यक्ती दुचाकीवरील होत्या. या पार्श्वभूमीवर मोटारसायकलींसाठीच्या अँटी-लॉक ब्रेक प्रणालीची, म्हणजेच सर्वसामान्यांच्या बोलण्यातील ‘एबीएस’ची, शास्त्रीय माहिती करून घेणे आणि तिच्या गुणदोषांचा विचार करणे अगत्याचे ठरते.

चाक जाम का होते?

चाक फिरत असताना टायरचा जो भाग रस्त्याला टेकलेला असतो, तो रस्त्याला धरून असतो. ही पकड असते तोवरच वाहन वळविता येते, थांबविता येते आणि दोन चाकांवर तोलून धरता येते. ब्रेकचा जोर या पकडीच्या मर्यादेपलीकडे गेला की चाक फिरावयाचे थांबते. परंतु वाहन मात्र पुढे सरकतच राहते. यालाच चाक जाम होणे अथवा लॉक होणे असे म्हणतात. घसरणाऱ्या टायरला दिशा नसते. हँडल फिरविले तरी वाहन वळत नाही.

चारचाकी मोटारीचे चाक जाम झाले तर ती घसरते, परंतु सहसा आडवी पडत नाही. मोटारसायकलीची गोष्ट वेगळी आहे. तिचे मागील चाक जाम झाले तर मागचा भाग एका बाजूस ओढला जातो, आणि सरावलेला चालक कित्येकदा तोल सावरू शकतो. पुढील चाक जाम झाले तर मात्र क्षणार्धात तोल जातो आणि सावरण्यास अवधीच उरत नाही.

येथेच दुचाकीस्वारापुढील खरी अडचण आहे. ब्रेक लावताच वाहनाचा व चालकाचा भार पुढे झुकतो. पुढील चाक रस्त्यावर अधिक दाबले जाते आणि मागील चाक हलके होते. म्हणून वाहन थांबविण्याचे बहुतांश काम पुढील ब्रेकच करू शकतो. परंतु पुढील ब्रेक दाबल्याने आपण पडू, ही भीती अनेकांच्या मनात घर करून असते. ती निराधार आहे असेही म्हणता येत नाही. परिणामी संकटाच्या वेळी अनेक चालक केवळ पायाच्या ब्रेकवर विसंबतात.

याची किंमत साध्या गणिताने कळते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १६.७ मीटर पुढे जाते. कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेकांचा योग्य वापर करून दर सेकंदाला सेकंदामागे ७ मीटर इतका वेग कमी करता आला, तर ब्रेक लागल्यापासून ते सुमारे २० मीटरांत थांबेल. केवळ मागील ब्रेक वापरून वेग सेकंदाला सेकंदामागे ३ मीटर इतकाच कमी झाला, तर त्याच वाहनास सुमारे ४६ मीटर लागतील. दोघांनी एकाच ठिकाणी ब्रेक लावले असे मानले, तर पहिला जेथे पूर्णपणे थांबला, तेथून दुसरा अद्याप ताशी सुमारे ४५ किलोमीटर वेगाने पुढे जात असेल. समोर रस्ता ओलांडणारे मूल असेल तर या फरकाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

प्रणालीचे कार्य

अँटी-लॉक प्रणालीत चाकासोबत फिरणारी एक दातेरी अथवा छिद्रे असलेली चकती बसविलेली असते. तिच्याशेजारी असलेला संवेदक, म्हणजेच सेन्सर, चाकाचा वेग सतत मोजतो आणि ती माहिती एका छोट्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडे पाठवितो. चाकाचा वेग अवाजवी झपाट्याने कमी होऊ लागला, म्हणजे चाक जाम होण्याच्या बेतात आले, की नियंत्रक ब्रेक ऑइलच्या मार्गातील झडपा उघडमीट करून त्या चाकावरील दाब किंचित उतरवितो. चाक पुन्हा फिरू लागताच दाब पूर्ववत वाढविला जातो. ही क्रिया एका सेकंदात अनेक वेळा घडते. त्या वेळी चालकाच्या बोटांना लिव्हरची थरथर जाणवते. ही थरथर बिघाडाची खूण नसून प्रणाली काम करीत असल्याची खूण होय.

या कल्पनेचा उगम विमानांत आहे. विमानांच्या चाकांसाठी १९५० च्या दशकात वापरात आलेली ‘मॅक्सारेट’ ही यांत्रिक प्रणाली ब्रिटनमधील रस्ते संशोधन प्रयोगशाळेने १९५८ मध्ये रॉयल एनफील्डच्या एका मोटारसायकलीवर बसवून पाहिली होती. प्रत्यक्ष विक्रीसाठीच्या मोटारसायकलीवर इलेक्ट्रॉनिक प्रणाली १९८८ मध्ये बीएमडब्ल्यू कंपनीने आणली. भारतीय बनावटीच्या मोटारसायकलींत २०११ मध्ये टीव्हीएस कंपनीच्या अपाचे आरटीआर १८० या वाहनावर ती प्रथम उपलब्ध झाली.

बाजारात या प्रणालीचे दोन प्रकार आढळतात. एकमार्गी, म्हणजे सिंगल चॅनेल प्रकारात केवळ पुढील चाकाचे नियंत्रण होते. मागील चाक जाम होऊ शकते. द्विमार्गी, म्हणजे ड्युअल चॅनेल प्रकारात दोन्ही चाकांचे नियंत्रण होते. लहान दुचाकींवरील संयुक्त ब्रेक प्रणाली म्हणजे ‘सीबीएस’ ही याहून वेगळी होय. तीत एक लिव्हर अथवा पेडल दाबले असता दोन्ही चाकांना ब्रेक लागतात. पुढील ब्रेक न वापरण्याची सवय असलेल्या चालकास तिचा निश्चित उपयोग होतो. परंतु चाक जाम होणे ती रोखू शकत नाही. खरेदीच्या वेळी या दोहोंत गल्लत होऊ नये.

लाभाची बाजू

या प्रणालीचा मुख्य लाभ असा की, चालकास पुढील ब्रेक निःशंकपणे व पूर्ण जोराने दाबता येतो. ओल्या रस्त्यावर, सांडलेल्या तेलावर, पांढऱ्या पट्ट्यांच्या गुळगुळीत रंगावर किंवा उड्डाणपुलाच्या लोखंडी सांध्यावर पकड एकाएकी कमी होते. पकडीतील हा बदल ओळखून बोटांचा जोर कमी-अधिक करणे घाबरलेल्या माणसास शक्य होत नाही. यंत्रास ते शक्य होते. पहिल्या पावसात रस्त्यावरील धूळ व तेल यांचा जो निसरडा थर तयार होतो, त्यावर या गुणाची प्रचीती विशेषत्वाने येते.

परदेशांतील अनुभवही याच दिशेने निर्देश करतो. इटली, स्पेन व स्वीडन या देशांतील पोलिस नोंदींच्या आधारे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, या प्रणालीमुळे दुखापतीचे अपघात अनुक्रमे सुमारे २४, २९ व ३४ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. अमेरिकेतील ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’ या संस्थेच्या विश्लेषणात, प्रणाली असलेल्या मोटारसायकलींचे प्राणघातक अपघातांतील प्रमाण तीच वाहने प्रणालीविना असताना होते त्यापेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी कमी दिसून आले. अर्थात तेथील रस्ते, वाहनांचा आकार आणि चालकांच्या सवयी भिन्न असल्याने हे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लागू करणे उचित नव्हे. तथापि निरनिराळ्या देशांतील निष्कर्ष एकाच बाजूस झुकतात, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

मर्यादांची बाजू

कोणतेही साधन सर्वगुणसंपन्न नसते. या प्रणालीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे.

पहिली मर्यादा रस्त्याची आहे. सुटी खडी, वाळू अथवा मुरूम यांवर जाम झालेले चाक आपल्यापुढे खडीचा ढीग लोटते आणि त्यामुळे काही अंशी लवकर थांबते. प्रणाली चाक फिरते ठेवत असल्याने अशा पृष्ठभागावर थांबण्याचे अंतर उलट वाढू शकते. याच कारणास्तव खडबडीत मार्गांसाठीच्या काही मोटारसायकलींत मागील चाकाची प्रणाली बंद करण्याची सोय दिलेली असते. डांबरी रस्त्यावर ती बंद ठेवणे मात्र धोक्याचे होय.

दुसरी मर्यादा वळणाची आहे. वळणावर वाहन कलते आणि टायरची बरीचशी पकड वळण्यातच खर्च होते. साधी प्रणाली वाहनाचा हा कल मोजत नाही. कल मोजून ब्रेकचे नियमन करणाऱ्या प्रणाली २०१३ पासून महागड्या मोटारसायकलींत येऊ लागल्या; परंतु सामान्य वाहनावर वळणापूर्वीच वेग कमी करणे हाच सुरक्षित मार्ग राहतो.

तिसरी मर्यादा खर्चाची आहे. प्रणालीमुळे वाहनाची किंमत काही हजार रुपयांनी वाढते. या प्रणालीस ब्रेक ऑइलवर चालणारा डिस्क ब्रेक लागतो. त्यामुळे पुढील चाकास ड्रम ब्रेक असलेल्या स्वस्त दुचाकीवर आधी तोच बदलावा लागतो. मासिक हप्त्यावर गाडी घेणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने हा बोजा लहान नाही. देखभालीचा खर्चही ध्यानात घ्यावा लागतो. चिखलाने माखलेला सेन्सर, जुने झालेले ब्रेक ऑइल किंवा कंपनीने ठरवून दिलेल्या मापाहून वेगळे टायर यांमुळे प्रणालीच्या कामात व्यत्यय येतो.

चौथी मर्यादा मनुष्यस्वभावाची आहे. ब्रेक उत्तम आहेत या समजुतीने वेग वाढविला, तर मिळालेला लाभ त्याच क्षणी गमावला जातो. वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपट होते, हा नियम कोणत्याही प्रणालीने बदलत नाही. धोका दिसल्यापासून हात लिव्हरवर जाईपर्यंतचा वेळही ती कमी करीत नाही. गुळगुळीत झालेल्या टायरला ती नवी पकड देऊ शकत नाही आणि हेल्मेटची जागाही घेऊ शकत नाही. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ व्यक्तींचा दुचाकी अपघातांत मृत्यू झाला, ही नोंद या संदर्भात पुरेशी बोलकी आहे.

कायद्याची वाटचाल

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१६ मध्ये करण्यात आलेल्या दुरुस्तीनुसार १२५ घन सेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या दुचाकींना अँटी-लॉक प्रणाली बंधनकारक करण्यात आली. नव्या वाहनप्रकारांना ही तरतूद १ एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून बाजारात असलेल्या प्रकारांना १ एप्रिल २०१९ पासून लागू झाली. १२५ घन सेंटिमीटर व त्याहून लहान वाहनांना अँटी-लॉक अथवा संयुक्त ब्रेक यांपैकी एक प्रणाली पुरेशी मानण्यात आली. किंमत व उत्पादनक्षमता यांचा विचार करता ही विभागणी व्यवहार्य होती. तथापि देशात विकल्या जाणाऱ्या दुचाकींपैकी बहुसंख्य वाहने याच लहान गटातील असल्याने, ज्यास सर्वाधिक गरज तोच वर्ग प्रणालीवाचून राहिला.

ही उणीव दूर करण्याच्या दृष्टीने जून २०२५ मध्ये केंद्र शासनाने एक मसुदा अधिसूचना प्रसिद्ध केली. ५० घन सेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या अथवा ताशी ५० किलोमीटरहून अधिक वेगाच्या सर्व नव्या दुचाकींना १ जानेवारी २०२६ पासून अँटी-लॉक प्रणाली असावी आणि खरेदीच्या वेळी ग्राहकास भारतीय मानक ब्यूरोच्या मानकाची दोन हेल्मेट दिली जावीत, असे प्रस्ताव तीत मांडण्यात आले. त्यावर उत्पादकांकडून वाढणारी किंमत, सुट्या भागांचा पुरवठा आणि अपुरी मुदत हे मुद्दे पुढे आले. या मुद्द्यांत तथ्य आहे. परंतु तौलनिक विचार करताना एका अपघाताचा कुटुंबावर पडणारा भारही हिशेबात धरला पाहिजे. इस्पितळाचा खर्च, बुडालेली मजुरी आणि कर्त्या माणसाचा वियोग यांच्यापुढे काही हजार रुपयांची वाढ फार मोठी ठरत नाही. ही वाढ हप्त्यांत विभागली जाते. अपघाताचा घाला मात्र एकाच दिवशी पडतो.

कोणी काय करावे?

प्रणाली वाहनात आली म्हणजे काम संपले असे नाही. तिला आपले काम करता येईल असा रस्ता आणि असा चालक मिळाला पाहिजे. या दृष्टीने स्थानिक पातळीवर पुष्कळ काही करता येण्यासारखे आहे.

पनवेल व उरण तालुक्यांतील ग्रामपंचायतींच्या हद्दीत अनेक गावरस्ते थेट मोठ्या रस्त्यांस मिळतात. डंपरमधून सांडलेली खडी आणि खचलेल्या साइडपट्टीवरील मुरूम नेमका या तोंडावर साठतो. सुट्या खडीवर अँटी-लॉक प्रणालीही अपुरी पडते, हे वर पाहिलेच आहे. म्हणून पंचायत सदस्यांनी अशा जागांची यादी करून त्या नियमितपणे झाडून घेण्याची व्यवस्था करावी, खडी-वाळू वाहणाऱ्या गाड्यांवर ताडपत्री असल्याचा आग्रह धरावा आणि गतिरोधकांवरील पट्टे रात्री दिसतील इतके ठळक ठेवावेत. यास मोठा निधी लागत नाही.

रस्त्यांची देखभाल पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वी पाणी साचण्याच्या जागा, उड्डाणपुलांचे सांधे आणि रंगविलेल्या पट्ट्यांचा निसरडेपणा यांची दुचाकीच्या दृष्टीने तपासणी करावी. मोटारीस न जाणवणारा उंचवटा दुचाकीस पाडू शकतो. खड्डा बुजविल्यानंतर मागे राहणारी सुटी खडी उचलणे हाही दुरुस्तीचाच भाग मानला जावा. वाहन परवाना देताना उमेदवारास दोन्ही ब्रेक एकत्र वापरून ठरावीक अंतरात थांबता येते की नाही, याकडे विशेष लक्ष पुरविल्यास पुढील ब्रेकविषयीची अनाठायी भीती कमी होईल.

शिक्षकांचे कार्य याहूनही दूरगामी आहे. गती व घर्षण हे विषय पाठ्यक्रमात आहेतच. त्यांना रस्त्यावरील उदाहरणांची जोड देता येईल. एका विद्यार्थ्याने मोजपट्टी उभी धरून अकस्मात सोडावी आणि दुसऱ्याने ती दोन बोटांत पकडावी. पट्टी सुमारे २० सेंटिमीटर घसरल्यावर पकडली गेली तर सुमारे ०.२ सेकंद वेळ गेला असे समजावे. तेवढ्या अवधीत ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन ३ मीटरांहून अधिक पुढे जाते. येथे विद्यार्थी पट्टी सुटण्याची वाटच पाहत असतो. रस्त्यावर बेसावध चालकास याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. हा प्रयोग ज्याने केला तो विद्यार्थी पुढील वाहनापासून अंतर राखण्याचे महत्त्व सहसा विसरणार नाही.

वाहनधारकांस सांगावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. संकटसमयी दोन्ही ब्रेक एकत्र दाबावे आणि लिव्हर थरथरली तरी सोडू नये. ब्रेक दाबून-सोडून लावण्याची जुनी सवय या प्रणालीच्या वाहनावर टाकून द्यावी. किल्ली फिरविताच मीटरवर लागणारा एबीएसचा दिवा वाहन थोडे पुढे गेल्यावर विझला पाहिजे. तो लागलेलाच राहिल्यास साधे ब्रेक चालू असले तरी प्रणाली बंद आहे असे समजून वाहन दुरुस्तीस न्यावे. जुनी गाडी विकत घेतानाही हा दिवा अवश्य पाहावा. ब्रेक ऑइल कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदलावे आणि टायरची नक्षी झिजण्याची वाट पाहू नये. ज्यांच्या वाहनावर ही प्रणाली नाही, त्यांनी मोकळ्या व सुरक्षित जागी, कमी वेगाने, पुढील ब्रेक हळूहळू वाढत्या जोराने दाबण्याचा सराव करावा.

लाभ-हानीचा ताळेबंद मांडला असता डांबरी अथवा सिमेंटच्या रस्त्यावर, विशेषतः पावसाळ्यात, अँटी-लॉक ब्रेकचे पारडे निःसंशय जड ठरते. सुट्या खडीवरील उणीव ही बहुतांशी रस्त्याची उणीव आहे आणि ती दूर करणे स्थानिक संस्थांच्या हाती आहे. कायद्याने वाहनात सुधारणा होईल. रस्त्याची व चालकाची सुधारणा मात्र गावोगावच्या पंचायतींनी, शाळांनी आणि कार्यालयांनी हाती घ्यावयाची आहे. पावसाळा सुरू होण्यापूर्वी प्रत्येक पंचायतीने आपल्या हद्दीतील खडी साचणारी वळणे झाडून घेतली आणि प्रत्येक शाळेने एक तास या विषयास दिला, तरी या कार्यास चांगली सुरुवात होईल.